मुकादमाची गोरी भावजय

आमचा मनोंग अनास्तासियो स्वतःला वकील म्हणवून घ्यायचा. आठ महिने टपालानं कायद्याचे धडे मागवले होते, नववा धडा यायच्या आत पैसे भरायचे राहिले आणि शिक्षण आटोपलं. पण तेवढ्यावर त्यानं कार्डं छापून घेतली. खरा धंदा मुकादमाचा. तीसएक पोरं हाताखाली, वसंतात ॲस्परॅगसचे कोंब कापायला न्यायची, उन्हाळ्यात द्राक्षांवर, आणि प्रत्येकाच्या मजुरीतला आपला वाटा पांढऱ्या कोटाच्या खिशात घालायचा. मनोंग म्हणजे आमच्यात थोरला भाऊ. मी वयानं त्याच्याहून मोठी, पण गावातले सगळे म्हणायचे म्हणून मीही त्याला मनोंगच म्हणायचे. तो मला मनांग बसिलिसा म्हणायचा, म्हणजे ताई, आणि माझ्या खानावळीत जेवून बिल मात्र पोरांच्या नावावर मांडायला सांगायचा.

तर हा अनास्तासियो तेहतीस सालच्या जानेवारीत मलय झाला.

त्याच्याआधी तो कधीच मलय नव्हता. आम्ही कुणीच नव्हतो. मी समुद्रापलीकडच्या आमच्या बेटांवरच्या बादोक गावची, इलोकानो बोलीची. माझा नवरा क्रिसांतो पण तिकडचाच. मलय हा शब्द मी तोवर ऐकलाही नव्हता. पण या कॅलिफोर्नियात कायदा असा की गोऱ्या माणसाचं काळ्याशी किंवा मंगोलाशी लग्न लागत नाही, आणि आम्हाला या कचेरीत मंगोल म्हणायचे, त्या कचेरीत नाही म्हणायचे, कारकुनाला सकाळी पोट साफ झालंय की नाही त्यावर ठरायचं. मग लॉस एंजेलिसच्या कुणा पोरानं कोर्टात भांडण नेलं. न्यायाधीशांनी जाडजाड पुस्तकं काढली, जगातल्या माणसांचे पाच वाटे केले, भाजीवाली करते तसे, काळा, गोरा, पिवळा, तांबडा, तपकिरी, आणि आम्हाला तपकिरी वाट्यात टाकलं. हे मंगोल नव्हेत, हे मलय. कायद्यात मलय लिहिलेलं नाही, तेव्हा लावा लग्न.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? तोंड मिटून लग्न लावून घेतलं असतं. आमच्या अनास्तासियोनं मेजवानी दिली. चिनी माणसाचा हॉल भाड्यानं घेतला, बँड बोलावला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पुरेल एवढा फलक रंगवला की आम्ही मलय वंशाचे अभिमानी पुत्र आहोत. वर्तमानपत्रवाल्यांना आमंत्रण धाडलं, त्यांना डुकराचं मांस खायला घातलं. दोन तास भाषण. मी म्हटलं, अरे बाबा, चोराला कुलपाची किल्ली कुठे ठेवलीय ते बँड लावून कशाला सांगतोस? तो म्हणाला, मनांग, तुम्हाला राजकारणातलं कळत नाही.

एप्रिलात सरकारवाल्यांनी कायद्यात एक शब्द वाढवला. मलय. बस्स, एवढंच. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापासून लागू.

मी काही असं म्हणत नाही की अनास्तासियोच्या फलकामुळे झालं. त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती, असल्या कामात ते मुळातच हुशार. पण एवढी मोठी अक्षरं काढायचं काय अडलं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

त्याचा धाकटा भाऊ सिप्रियानो. हा अगदी वेगळा. अबोल, कामाला वाघ, इंग्रजी बोलायचं म्हटलं की जिभेला गाठ. त्याचं प्रेम बसलं होतं वेल्मावर. वेल्मा डोनटच्या दुकानात काउंटरला असायची. अर्कान्सातून मावशीबरोबर आलेली, केस मक्याच्या कणसासारखे, नाकावर ठिपकेच ठिपके. तोंडाची फटकळ, म्हणून मला आवडायची. दुकान बंद झालं की माझ्याकडे यायची, कारल्या-वांग्याची भाजी आंबवलेल्या मासळीच्या रसासकट खायची आणि नाक मुरडायची नाही. आमच्याच निम्म्या पोरांना गोऱ्या लोकांसमोर तो वास लपवायचा असायचा.

अनास्तासियोला वेल्मा पसंत होती, ती वेगळ्याच कारणानं. बादोकला आईला त्यानं कळवून टाकलं होतं की आपल्या घरात गोरी सून येतेय. गावात चर्चच्या पायरीवर त्याचं पत्र वाचून दाखवलं म्हणे. चुलते, मामे, सगळे फुगले. रस्त्यात गोरा पोलीस ह्याला बाजूला हो म्हणायचा तेव्हा हा गपगुमान गटारात उतरायचा, आणि तिकडे सांगायचं की आम्ही आता गोऱ्यांचे सोयरे.

म्हणजे ऑगस्टपर्यंत रस्ता मोकळा होता. आमच्या गावातल्या चार पोरांनी त्या मुदतीत उरकून घेतलं, मी दोघींना नवरीच्या डोक्यावरच्या जाळ्या शिवून दिल्या. सिप्रियानो मे महिन्यात भावाकडे गेला, परवानगी मागायला. थोरल्यानं भाडं भरून बोलावून घेतलेलं, बापाच्या जागी तो. त्याला विचारल्याशिवाय आमच्यातला धाकटा शर्टाचं बटणसुद्धा बदलत नाही.

अनास्तासियो म्हणाला, या वर्षी नाही.

का? तर फेब्रुवारीत तिकडे बादोकला त्यांच्या बहिणीचं, रेमेदियोसचं लग्न झालं होतं. आमच्याकडे एका वर्षात दोन सख्ख्या भावंडांची लग्नं लावत नाहीत. एकाचं नशीब दुसरं खातं. कुणाचा तरी संसार मोडतो, नाहीतर कुणीतरी मरतं. हे लहानपणापासून ऐकलेलं, माझ्याही हाडात मुरलेलं. पण अहो, मधे अख्खा समुद्र! बोटीनं तीन आठवडे! मी बाह्या सरसावून अनास्तासियोकडे गेले आणि म्हटलं, तिकडची अवदसा इकडे यायची तर तिलाही तिसऱ्या वर्गाचं तिकीट काढावं लागेल. तो म्हणाला, रक्ताला समुद्र नसतो, मनांग. मी म्हटलं, कायदा ऑगस्टात बंद होतोय. तो म्हणाला, तो कायदा टिकत नाही, मी राजधानीला, सॅक्रामेंटोला अर्ज केलाय, जानेवारीत थाटात लग्न लावू, चोवीस साक्षीदार बसवू, फोटो काढू.

आठ धडे गिरवलेला, कायद्याची कार्डं छापलेला हा माणूस. गोऱ्यांनी आम्हाला अडाणी म्हटलं की ह्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. आणि भावाचं लग्न अडवलं ते कशानं, तर आजीच्या गोष्टीनं. मी सिप्रियानोला म्हटलं, आदिंग, तू मुकाट्यानं जा आणि लग्न करून ये, नंतर मी त्याची समजूत घालते. आदिंग म्हणजे धाकटं भावंड. तो मान खाली घालून बसला. भावाचा शब्द मोडणं त्याच्यानं होत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यालाही भीती होतीच. वेल्माचं काही बरंवाईट झालं तर, असं सारखं म्हणायचा.

जूनच्या सुरुवातीला वेल्मा माझ्या मोरीत उलटी करताना सापडली. मला वेगळं सांगावं लागलं नाही.

सिप्रियानोनं भावाला सांगितलं. भाऊ म्हणाला, चांगली गोष्ट आहे, मुलगाच होईल, लग्न जानेवारीत. ऑगस्ट आला आणि गेला. सॅक्रामेंटोच्या अर्जाला उत्तर आलं नाही. येणार होतं कुठून? आम्हाला मत नाही, जमीन घ्यायची मुभा नाही. आमच्या बेटांवर राज्य ह्यांचंच, लहानपणी शाळेत त्यांचा झेंडा वर चढवून त्यांची गाणी म्हटली, बोटीतून उतरलो तेव्हा म्हणाले तुम्ही परके नाही. मग नागरिक का? छे, नागरिकही नाही. मग कोण, तर म्हणे तुम्ही आमचेच आहात. दारात ठेवलेली चप्पलही घरातलीच असते, तशातला प्रकार.

ऑक्टोबर उजाडला तेव्हा वेल्माचं पोट दुकानाच्या काउंटरला लागत होतं. पोरं सांगायला लागली की उत्तरेकडच्या वॉशिंग्टन राज्यात लग्नं लागतात, गाडीनं दोन दिवसांचा रस्ता. वाटेत डोंगर, गाडी उसनी, बाई अवघडलेली. आणि परत आल्यावर पुन्हा कुणी काय म्हणेल त्याचा भरवसा नाही. सिप्रियानो गाडी शोधत फिरत होता. एक दिवस वेल्मा माझ्या खानावळीत त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली,

"मी याच गावात राबते, याच गावात लग्न करीन. उद्या सकाळी कचेरीत यायचं असेल तर ये. नाहीतर पुन्हा तोंड दाखवू नकोस."

तो म्हणाला, पण तिथे नाही म्हणतील. ती म्हणाली, ते माझ्यावर सोड. तुला फक्त तुझ्या भावाला एकदा नाही म्हणायचंय, मी तर सगळ्या जगाला म्हणणार आहे. सिप्रियानोनं टेबलावर सांडलेलं मीठ बोटानं गोळा केलं. मग म्हणाला, मनांग, साक्षीला याल का?

सकाळी आम्ही चौघं गेलो, ती दोघं आणि मी आणि क्रिसांतो. मी त्यांना कचेरीच्या मागच्या दारानं नेलं, झाडूवाल्यांच्या. आमच्याकडे वर्षातलं दुसरं लग्न असलं की जोडप्याला वेगळ्या दारानं नेतात, म्हणजे अवदसा चुकते. हसा हवं तर. मी अनास्तासियोला नावं ठेवली ती ठेवली, पण उगाच धोका कशाला घ्या?

कारकून चष्मेवाला, मानेवर वळ्या. वेल्माला बघून अर्धवट उठला, खुर्ची पुढे केली, बसा मिस, म्हणाला. मग मागे आम्ही दिसलो. मग तिचं पोट दिसलं. मग सिप्रियानो दिसला, आणि त्याचा चेहरा असा झाला की जणू डोनटमध्ये झुरळ निघालं. तरी अर्जावरचं नाव वाचून तिच्याशी अदबीनंच बोलला. मिस टॅकेट, तुम्हाला माहीत असेल, कायदा बदललाय, हे गृहस्थ मलय आहेत, गोऱ्या स्त्रीशी यांचा विवाह होऊ शकत नाही. मला वाईट वाटतं. तुम्ही म्हणत असाल तर मी पोलिसांना बोलावू शकतो, तुमच्यावर कुणी जबरदस्ती करत असेल तर.

वेल्मा म्हणाली, "गोरी कोण? मी निग्रो आहे. लिहा तसं."

कारकुनाच्या हातातली लेखणी थांबली. हे तिनं आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मिस, तुम्ही शुद्धीवर आहात ना?"

"आईची आई काळी होती. तुमच्या कायद्यात तेवढं पुरतं, असं ऐकलंय."

"दिसत नाही तसं."

"मग मी खोटं बोलते म्हणता? कशासाठी बोलेन? या देशात कुणी मुद्दाम खालच्या पायरीवर उतरलेलं पाहिलंयत कधी?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मक्याचे केस, नाकावरचे ठिपके, निळे डोळे. ती खोटं बोलतेय हे त्याला दिसत होतं, मला दिसत होतं, भिंतीवरच्या घड्याळाला दिसत असेल. पण तो बोलणार काय? आयुष्यभर त्याच्यासमोर माणसं आली ती एक पायरी वर चढायला, खोटी आजोबांची नावं घेऊन. खाली उतरणारं माणूस पकडायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. आणि गोरी मुलगी असं म्हणूच कसं शकेल? म्हणजे ती गोरी नसलीच पाहिजे. एवढा हिशोब त्याच्या डोक्यात व्हायला वेळ लागला, पण झाला.

त्यानं लिहिलं. काळ्या बाईनं मलयाशी लग्न केलं तर कायद्याला त्याचं काही नव्हतं. मग म्हणाला, "वेल्मा, ती खुर्ची दुसऱ्यांसाठी आहे. उठ, तिकडे भिंतीशी उभी राहा."

तेच ओठ, तीच जीभ. मिस कुठे गेलं आणि तुम्ही कुठे गेलं, देव जाणे. आठव्या महिन्याचं पोट घेऊन वेल्मा भिंतीशी उभी राहिली. रडली नाही. माझा हात मात्र इतका आवळून धरला की अंगठी रुतली. परवाना तीन दिवसांनी मिळेल, तोवर अर्ज तपासणीत राहील, असं सांगून त्यानं आम्हाला हाकललं.

गावात बातमी पोचायला तीन दिवस कशाला लागतात? संध्याकाळपर्यंत डोनटवाल्यानं वेल्माचा ॲप्रन काढून घेतला. मावशीनं तिची पेटी पायरीवर फेकली आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली की आमच्या घराण्यात सात पिढ्यांत काळं कुणी नाही. तिची पेटी क्रिसांतोनं उचलून आमच्या माडीवर आणली. हे सगळं मला अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते दुसऱ्या दिवशी दारात उभं राहिलं, पांढरा सूट, पांढरी हॅट, केसांना तेल.

अनास्तासियो कचेरीत निघाला होता. वाटेत माझ्याकडे बूट पुसायला फडकं मागायला थांबला. कशासाठी निघालास, म्हटलं. तर म्हणे मोठी चूक झालीय, ती दुरुस्त करायची. वेल्मा शुद्ध गोरी आहे, तिची मावशी साक्ष द्यायला तयार आहे, मी तिला घेऊन जातोय, कारकुनाला सांगून तो डाग पुसून टाकतो. आईला मी गोरी सून लिहिली आहे, मनांग. गावात आता काय तोंड दाखवू? आमच्या घरात काळी?

मला आधी कळेचना की ह्या माणसाला हसावं की बडवावं. वर्षभर ओरडत होता की रंगावरून माणूस तोलू नका. मेजवान्या काय, भाषणं काय. आणि ह्याच्या पोटात काय, तर त्यांचाच तराजू. फक्त आपलं पारडं एक बोट वर असावं, एवढीच ह्याची क्रांती.

मी म्हटलं, "जा. सांग तिथे की ती गोरी आहे. लगेच अर्ज फाडतील. मग तुझ्या भावाचं पोर बिनबापाचं जन्माला येईल आणि तुझ्या भावाला तुरुंगात टाकतील की बोटीत बसवतील ते बघायला तू तिथेच थांब. आईला ते पण लिही."

तो म्हणाला, जानेवारीत आपण वॉशिंग्टनला नेऊन... मी म्हटलं, पोर नोव्हेंबरात येतंय, त्याला तुझं पंचांग कळत नाही. तो म्हणाला, पण काळी, मनांग! मी म्हटलं, आरशात कधी बघितलंस का? तुला तिथे काय दिसतं, स्पेनचा राजा? तरी ऐकेना. घराण्याची अब्रू, घराण्याची अब्रू, असं घोकत दाराकडे वळला.

तेव्हा मी फळीवरचं मासळीच्या रसाचं मडकं उतरवलं. सहा महिने आंबवलेलं, झाकण काढलं की समोरच्या गल्लीतली मांजरं जागी व्हायची. ते दोन्ही हातांत धरून मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, उंबरा ओलांडलास तर हे सगळं तुझ्या सुटावर. मग जा असाच कारकुनासमोर, आणि सांग त्याला घराण्याची अब्रू.

अनास्तासियोनं मडक्याकडे बघितलं, सुटाकडे बघितलं. भावाचा संसार, पुतण्याचं नाव, यातलं काही त्याला थांबवू शकलं नव्हतं. सुटानं थांबवलं. तो मागे सरकून बाकावर बसला. दुपारी कचेरी बंद होईपर्यंत मी मडकं खाली ठेवलं नाही, माझे खांदे भरून आले. दुसऱ्या दिवशी क्रिसांतो त्याच्याबरोबर सावलीसारखा फिरला, आणि तिसऱ्या दिवशी परवाना हातात पडला. त्याच कचेरीत न्यायाधीशानं लग्न लावलं. चोवीस साक्षीदार नव्हते, आम्ही दोघंच होतो. अनास्तासियो आला नाही.

त्यानंतर पाच महिने तो वेल्माच्या हातचं जेवला नाही. ती आता माझ्याकडेच राबत होती, तिला दुसरीकडे काम कोण देणार? गोरे तिला दारात उभं करत नव्हते आणि सिनेमात तिला वरच्या माळ्यावर बसवत होते. तिनं ताट आणलं की अनास्तासियो म्हणायचा, मला भूक नाही, आणि मग स्वयंपाकघरात येऊन क्रिसांतोकडून वाढून घ्यायचा. भाऊ समोर बसून हे बघायचा. एकदा मी वेल्माला विचारलं, पस्तावतेस का? ती म्हणाली, सिनेमाचं वाईट वाटतं, वरून नीट दिसत नाही. मग थोड्या वेळानं म्हणाली, खोटं बोलले त्याचं नाही, पण मावशीनं पेटी फेकली तेव्हा तिनं पटकन विश्वास ठेवला त्याचं. एकदा विचारलंसुद्धा नाही गं.

नोव्हेंबरात मुलगा झाला. रेमेदियोसचा संसार मोडला नाही, कुणी मेलं नाही. बारसं ईस्टरला, चर्चमधून येऊन सगळे माझ्या खानावळीत. अख्खं डुक्कर भाजलेलं. त्याच आठवड्यात देशाच्या सरकारनं नवा कायदा केला होता, की दहा वर्षांनी आमच्या बेटांना स्वातंत्र्य देऊ, आणि आजपासून तुम्ही या देशात परके, वर्षाला पन्नास माणसं येऊ देऊ, बस्स. म्हणजे स्वातंत्र्य दहा वर्षांनी आणि हाकलणं आजच. ह्याच्यावर अनास्तासियो भाषण करत होता. अभिमानाचा दिवस वगैरे. पांढरा सूट होताच. पोरं डुकराकडे बघत टाळ्या वाजवत होती.

तेवढ्यात दार ढकलून पोलीस आत आला. आमच्या गल्लीत फिरणारा, काठी मांडीवर आपटत चालणारा. आमच्या मुलांबरोबर गोरी मुलगी दिसली की दोघांना फरपटत नेण्यात त्याला मोठी मर्दुमकी वाटायची. त्यानं खोलीवरून नजर फिरवली आणि ती वेल्माच्या केसांवर थांबली. सिप्रियानो बाळाला घेऊन तिच्याशेजारी उभा. पोलिसानं विचारलं, ह्या मुलीला इथे कुणी आणलं? वेल्मा बोलायला लागली तर पोलिसानं काठी उगारून तिला गप्प केलं आणि पांढऱ्या सुटाकडे वळला.

"तू साहेबासारखा दिसतोस. तू सांग. ही गोरी बाई इथे काय करतेय?"

सगळी खोली अनास्तासियोकडे बघायला लागली. मी पळी हातात धरून उभी. मडकं फळीवर होतं, पण पोलिसासमोर मडकं काय कामाचं? आणि मला खरंच सांगता येत नव्हतं की हा माणूस काय बोलेल. जन्मभर ह्याला हेच वाक्य बोलायचं होतं, की ही गोरी आहे आणि ही माझी भावजय आहे. आज सगळ्या गावासमोर, साहेबानं स्वतः विचारलं होतं. त्यानं हॅट काढली. तेल लावलेल्या केसांतून घाम वाहत होता.

"ती गोरी नाही, साहेब," अनास्तासियो म्हणाला. "निग्रो आहे. माझ्या धाकट्या भावाची लग्नाची बायको. माझी भावजय."

पोलिसानं वेल्माकडे पुन्हा एकदा बघितलं आणि खो-खो हसला. म्हणाला, मग ठीक आहे, मग तुमचं तुम्ही बघा. मुलगी वाचवायला आला होता, ती वाचवण्यालायक नाही कळल्यावर बापडा सुटला. जाता जाता डुकराची खरपूस कातडी तोडून तोंडात टाकली. दारात थांबला आणि काठीनं बाळाकडे दाखवत म्हणाला, आणि हे? आई ती तसली, बाप हा असला. ह्याला म्हणायचं तरी काय?

मला वाटलं आता अनास्तासियो मलय सुरू करतो. पाच रंग, जाडी पुस्तकं, सगळं ऐकावं लागणार.

तो म्हणाला, "ह्याला नागरिक म्हणायचं. इथे जन्मलाय. तुमच्यासारखाच."

पोलिसाचं चावणं थांबलं. काहीतरी बोलायचं होतं त्याला, पण तोंडात कातडी होती आणि कायदा त्याचाच होता. तो दार आपटून गेला.

खोलीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अनास्तासियो बाकावर बसला, सुटाच्या काखा भिजल्या होत्या. वेल्मानं डुकराचा कान कापला, तो आमच्यात घरातल्या थोरल्याचा मान असतो, आणि ताटात भात वाढून त्याच्यासमोर नेऊन ठेवला. शेजारी मासळीच्या रसाची वाटी. म्हणाली, खा, मनोंग.

मला वाटलं, आता म्हणेल भूक नाही. तो जेवला. रस सुटावर सांडला, मोठा डाग पडला, तरी जेवत राहिला, मान वर न करता.

पुढल्या रविवारी तो पुन्हा दुसऱ्याच सुटात भाषण देत होता, त्याचं सांगत नाही. बारशाच्या जेवणाचं बिलही त्यानं पोरांच्याच नावावर मांडायला सांगितलं. मी मात्र त्या दिवसाचं जेवण कुणाच्याच नावावर मांडलं नाही.